नंबर दिला म्हणजे परवानगी दिली का?

हॉस्टेलवर आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत आपण आपला मोबाईल नंबर किती जणांना देतो, कधी मोजलंय? मेस, लाँड्री, स्टेशनरी, पाण्याचा जार, पार्लर नाहीतर सलून... झेरॉक्सवाल्याला तर द्यावाच लागतो, कारण पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवल्याशिवाय प्रिंट निघतच नाही! मग महिन्याभरात सुरू होतं : 'धमाका ऑफर', 'गेटची नवी बॅच', 'लास्ट टू डेज'. आपण म्हणतो जाऊ दे, डिलीट केलं की झालं.

माझं म्हणणं आहे की जाऊ देऊ नये.

गेल्या वर्षी कॉलेजजवळच्या एका दुकानाने वह्या-फाइलींच्या सेलसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि बिलाच्या वहीतले दीडएकशे नंबर त्यात टाकले. बहुतेक आमच्या मुलींच्या हॉस्टेलचे. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि बऱ्याच जणींचं नाव-फोटोही. त्याच रात्री अनोळखी 'हाय' यायला लागले. फर्स्ट इयरच्या एका मुलीने शेवटी नंबरच बदलला. नंबर बदलणं म्हणजे बँक, आधार, स्कॉलरशिप, सगळ्यांचे ओटीपी जुन्या नंबरवर! तिचे पंधरा दिवस त्यातच गेले. आम्ही चौघी दुकानात गेलो, तर काका खरंच गोंधळले. "ताई, नंबर तुम्हीच लिहून दिला होता ना?"

माणूस वाईट नाही हो. पण नंबर दिला होता तो वही बाइंड झाली की कळवा म्हणून. घरी गॅस सिलेंडर द्यायला आलेल्या माणसाला आपण दार उघडतो, म्हणून त्याने संध्याकाळी दोन मित्रांना घेऊन चहाला यावं असं होत नाही ना? (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'प्रायव्हसी' हा शब्द पटकन येतो. मराठीत 'खासगी' म्हटलं की मला आधी खासगी बस आठवते! पण शब्द कुठलाही वापरा, गोष्ट आजीलाही कळते.)

यात गंमत अशी की चांगला मार्ग त्याच ॲपमध्ये आहे. ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय. दुकानदार म्हणतात, "मग तो सगळ्यांना जात नाही." अहो, जात नाही हेच तर बरं आहे! ज्याला तुमचा सेल हवाय तो नंबर सेव्ह करेल. आपल्या बाजूने एवढं करता येतं : सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे 'एव्हरीवन' काढून 'माय कॉन्टॅक्ट्स'. ही सोय २०१९ पासून आहे, पण आमच्या विंगमध्ये विचारलं तर निम्म्या जणींना माहीत नव्हती.

'डीएनडी लावा ना,' असं कोणीतरी म्हणेलच. १९०९ चं ते रजिस्टर ट्रायचं आहे आणि ते साध्या कॉल आणि एसएमएसपुरतं. व्हॉट्सॲपच्या मेसेजला ते लागत नाही. कायदा मात्र आता आलाय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिलीय. त्यातलं एक कलम मला फार आवडलं : संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. आणि अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण या कायद्याच्या दृष्टीने मूल आहे, त्याच्यावर टार्गेटेड जाहिराती करायला मनाई आहे. आता सांगा, ऑगस्टमध्ये ॲडमिशन घेणारे आपले किती ज्युनियर्स सतरा वर्षांचे असतात?

पण दुकानदारांना किती बोलायचं? आपल्या टेक-फेस्टचं काय? रजिस्ट्रेशन फॉर्मवर नाव, ब्रँच, वर्ष, मोबाईल सगळं घेतात, आणि फेस्ट संपला की ती एक्सेल शीट स्पॉन्सर क्लासवाल्यांकडे जाते. स्पॉन्सर बॅनरचे पैसे देतात असं आपल्याला वाटतं. मला वाटतं ते शीटचेच देतात. कमिटीतले सीनियर म्हणतात, शीट नाही दिली तर स्पॉन्सर मिळणार नाही. शक्य आहे. मग लाइटिंग थोडं कमी करा, डीजे एक तास कमी वाजवा!

यंदाच्या फॉर्मवर निदान एक वेगळी चौकट हवी : 'माझा नंबर स्पॉन्सरला दिला तर चालेल.' आधीच टिक केलेली नको, रिकामी. टिक नसेल तो नंबर शीटमध्ये जाणार नाही, आणि फेस्टनंतर महिन्याभरात मूळ शीट इन्चार्ज सरांसमोर डिलीट व्हावी. मी हे कमिटीला लेखी दिलंय. पुढची मीटिंग शनिवारी चार वाजता सेमिनार हॉलमध्ये आहे, सर-मॅडमपैकी कोणी आलं तर फारच बरं होईल.