वैद्याचे निदान आणि रक्ताची साक्ष

चिनी वैद्य रोग्याची जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवरील नाडी तीन बोटांनी चाचपतो, झोप, तहान व घाम यांविषयी प्रश्न विचारतो. आणि मग जे निदान करतो ते केवळ रोगाचे नाव नसते. त्यास चिनी भाषेत 'झेंग' म्हणतात. आपण त्यास 'लक्षणसमुच्चय' म्हणू. संधिवाताच्या दोन रोग्यांपैकी ज्याचे सांधे थंडीने आखडतात व ज्याला शेकाने बरे वाटते तो 'शीत' समुच्चयाचा. ज्याचे सांधे लाल व तप्त असून तहान फार, तो 'उष्ण' समुच्चयाचा. रोग एक, पण औषधे निराळी. उलट, भिन्न रोगांत समुच्चय एकच आढळला तर औषधही एकच असू शकते.

या समुच्चयाची खूण प्रयोगशाळेत सापडेल काय, हा प्रश्न नवा नाही. शांघायचे डॉ. शेन झियिन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून 'मूत्रपिंड-यांग क्षीणता' या समुच्चयाचा अभ्यास आरंभिला. (चिनी वैद्यकातील मूत्रपिंड म्हणजे केवळ आपण जाणतो ते इंद्रिय नव्हे, वाढ, प्रजनन व शरीराची ऊब यांचे ते मूलस्थान मानले जाते.) रोग निरनिराळे असूनही अशा रोग्यांच्या मूत्रात अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावापासून बनणारी १७-हायड्रॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉइडे कमी आढळली. आता संशोधकांचे लक्ष रक्ताकडेही वळले आहे, आणि एका नमुन्यात शेकडो द्रव्ये मोजणारी यंत्रे उपलब्ध आहेत.

या यंत्रांचे कौतुक अवश्य करावे. पण त्यांच्या उत्तरावर विसंबण्यापूर्वी थोडे थांबावे, असे माझे मत आहे. हजार द्रव्ये मोजली आणि विसांत एक चूक क्षम्य मानली, तर दोन गटांत काहीच भेद नसतानाही सुमारे पन्नास द्रव्ये भिन्न दिसतील. रोगी साठ-सत्तरच असले, तर त्या पन्नासांतून मनाजोगती दहा निवडून त्यांना 'निदर्शक' म्हणणे मुळीच अवघड नाही.

याहूनही खोल अडचण निराळीच आहे. हा रोगी 'उष्ण' आणि तो 'शीत', हे ठरविले कोणी? वैद्यानेच. रक्ताची परीक्षा वैद्याच्या निदानाशी ताडून बसविली जाते आणि मग तीच परीक्षा त्या निदानाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. वैद्यांचे आपसात एकमत असते, तर हेही चालले असते. परंतु अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी पद्धतीच्या तीन वैद्यांनी संधिवाताचे तेच चाळीस रोगी स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा दोन वैद्यांचे निदान सरासरीने शेकडा बत्तीस रोग्यांतच जुळले. पुढे एकत्र प्रशिक्षण दिल्यावर मतैक्य वाढल्याचे त्याच संशोधकांना आढळले. मला या दुसऱ्या निष्कर्षाचे महत्त्व अधिक वाटते.

रक्ताची साक्ष खरी असेल तर ती आज्ञाधारक नसते, हेही ध्यानात ठेवावे. मूत्राच्या गोडीवरून मधुमेह ओळखणे प्राचीन वैद्यांस ठाऊक होते. ती गोडी शर्करेची आहे, हे मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली दाखविले. आणि १९३६ साली हिम्सवर्थ यांनी त्या एकाच रोगातून इन्शुलिनला प्रतिसाद देणारे व न देणारे असे दोन प्रकार वेगळे काढले. जुने नाव राहिले, पण त्यातील आशय दुभंगला. 'मूत्रपिंड-यांग क्षीणता' हीही उद्या अशीच तीन निराळ्या अवस्थांत विभागली गेली, तर ते मान्य करण्याची तयारी आहे काय?

हा प्रश्न केवळ चीनपुरता नाही. दिल्लीच्या जनुकशास्त्रविषयक संस्थेतील संशोधकांनी २००८ साली वात, पित्त व कफ प्रकृतीच्या निरोगी व्यक्तींच्या रक्तात भेद आढळल्याचे प्रसिद्ध केले. प्रकृती जन्मजात मानली जाते आणि समुच्चय बदलता असतो, हा फरक मोठाच. पण प्रकृती कोणी व कशी ठरविली, हा प्रश्न येथेही तोच.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम दोन वैद्यांनी एकमेकांस न विचारता निदान लिहून लिफाफे बंद करावेत. रक्त तपासणाऱ्यास ती निदाने कळू नयेत. ज्या रोग्यांवरून खूण शोधली, त्यांच्यावरच तिची परीक्षा न घेता ती दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रुग्णालयातील रोग्यांवर घ्यावी. वय, वजन, चालू औषधे व रोगाची तीव्रता यांचा हिशेब वेगळा मांडावा. आणि शेवटी 'उष्ण' ठरलेल्या रोग्यांपैकी काहींस त्या समुच्चयाचे औषध व काहींस सर्वसाधारण औषध देऊन, कोणाचे सांधे अधिक लवकर मोकळे झाले ते पाहावे. रोग्याला आपल्या रक्तातील द्रव्यांची नावे ठाऊक नसतात. सकाळी उठताना मूठ वळते की नाही, हे मात्र तो सांगू शकतो.