मॉर्सच्या चुकांची क्रमवारी

'इन्स्पेक्टर मॉर्स' या ब्रिटिश गुन्हेशोध-मालिकेचे एकूण ३३ भाग. पहिला जानेवारी १९८७ मध्ये आयटीव्हीवर दाखवला गेला, शेवटचा नोव्हेंबर २००० मध्ये. या भागांची उतरंड लावण्याचा खेळ तिचे चाहते आजही हिरिरीने खेळतात. त्यामागे बहुधा एक गृहीत असते: रहस्याची गाठ जितकी अवघड तितका भाग श्रेष्ठ. माझा आक्षेप या गृहीतावरच आहे. मॉर्स हा वारंवार चुकणारा शोधक आहे. तो कशामुळे चुकतो आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो, यावरून भागाची प्रत ठरायला हवी.

यावर कोणी म्हणेल की मूळ कादंबऱ्यांचा लेखक कॉलिन डेक्स्टर स्वतःच शब्दकोड्यांतला पट्टीचा गडी होता. मॉर्स हे नावदेखील त्याने जेरेमी मॉर्स या कोडी सोडवणाऱ्या गृहस्थांवरून घेतले. खरे आहे. पण शब्दकोड्यात चुकीचा शब्द भरला तर तो खोडता येतो. मॉर्सचे उत्तर दुरुस्त होईपर्यंत बहुधा आणखी एक प्रेत पडलेले असते.

'मेसॉनिक मिस्टरीज' (१९९०) पाहा. लेखन ज्युलियन मिचेलचे, दिग्दर्शन डॅनी बॉयलचे. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'ची तालीम, आणि प्रेताजवळ हातात सुरी घेतलेला मॉर्स. कारागिरी निर्विवाद आहे. पण मॉर्सवरचे प्रत्येक संकट पडद्यामागच्या एका अतिहुशार वैऱ्याने रचलेले असते, आणि नायक निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. ही उत्तम छळकथा झाली. मी तिला सातव्या-आठव्या जागी ठेवीन.

माझ्या यादीत पहिला आहे तो पहिलाच भाग, अँथनी मिंगेलाने पटकथा लिहिलेला 'द डेड ऑफ जेरिको'. वृंदगानात भेटलेली, मॉर्सचे मन गुंतलेली स्त्री घरात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडते. मॉर्स ग्रीक वाङ्मय जाणणारा. त्याला सोफोक्लीजचा 'इडिपस' आठवतो. हरवलेला मुलगा, नकळत घडलेले पाप, आईचा गळफास: सारे तुकडे कसे चपखल बसतात! आणि ती सारी इमारत वस्तुस्थितीपुढे कोसळते. साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हा भाग बोचायला हवा. कवितेत मिथकाची चौकट सापडली की आपल्यालाही असाच उल्हास होतो, आणि चौकटीत न बसणारी ओळ आपण सोयीस्करपणे विसरतो. (माझ्या प्रबंधात अशा किती ओळी गडप झाल्या, ते माझे मला ठाऊक.) फरक इतकाच की आपल्या चुकीच्या वाचनाने कोणी तुरुंगात जात नाही.

दुसरा क्रमांक 'द वेंच इज डेड' (१९९८). यात लुइस नाही, पाठलाग नाही. रुग्णालयात खाटेवर पडलेला मॉर्स १८५९ सालच्या कालव्यावरील एका खुनाची कागदपत्रे वाचत असतो. अनेकांना हा भाग संथ वाटतो. पण इथे मॉर्सचे वाचन बरोबर ठरते, आणि त्या बरोबर ठरण्याचा कोणालाही उपयोग नसतो. त्या खुनासाठी माणसे केव्हाच फासावर गेलेली असतात.

'द रिमोर्सफुल डे' (२०००) सर्वांत वर ठेवणारे श्रद्धांजली वाहत असतात. जॉन थॉ २००२ मध्ये गेला, तेव्हापासून मॉर्सचा मृत्यू आणि थॉचा मृत्यू वेगळे पाहणे अवघड झाले आहे. तरी शवागारात निरोप घेणाऱ्या लुइसखातर मी तो तिसरा ठेवतो.

राहिला 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स' (१९९३). त्यात जॉन गिलगुड आहेत, नावातच वाग्नर आहे, ऑक्सफर्डचा सारा थाटमाट आहे. तो मी विसाव्याच्या वर चढू देणार नाही.