रोपघर दारात, ऊस शिवारात



हरितगृह किंवा पॉलिहाऊस असे नाव काढले की आपल्या भागातला कास्तकार दोन पावले मागे सरकतो. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पांढरा कागद, आत फवारे, आणि या सगळ्यापायी बँकेचे कर्ज, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. "साहेब, ते फुलंवाल्यांचं काम. आपल्या उसाचा अन् त्याचा काय संबंध?" असे गटात फिरताना नेहमी ऐकायला मिळते.

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. माझे स्पष्ट मत असे की, राणीसावरगाव भागातील ऊस लावणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या दारात किंवा आखाड्यावर बांबू आणि जाळीचे एक लहानसे रोपघर असलेच पाहिजे. त्याला कर्ज लागत नाही, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, आणि जागा अर्ध्या गुंठ्याहूनही कमी लागते.

हरितगृह म्हणजे तरी काय? कोवळ्या रोपाला सोसेल तेवढेच ऊन, तेवढाच वारा आणि हवी तेवढी ऊब द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पानमळ्यात शेवरी, हदगा, पांगारा लावून वेलीला सावली करायची आणि कडेने ताट्या उभारून वारा अडवायचा, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. नाव वेगळे, तत्त्व तेच. परदेशातसुद्धा हरितगृह स्वस्त झाले ते गरजेपोटीच. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट नावाच्या प्राध्यापकाने 1948 साली महागड्या काचेऐवजी प्लास्टिकचा कागद लाकडी सांगाड्यावर ताणून हरितगृह केले. पुढे जगभर कागदाची हरितगृहे पसरली, त्याचे मूळ तिथे आहे. काच परवडत नाही म्हणून तो माणूस थांबला नाही. आपणही पाइप परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही.

आता उसाचा हिशेब पाहू. दोन डोळ्यांच्या टिपऱ्यांची लागण करायची तर एकरी अडीच टनांच्या आसपास बेणे लागते. हेच एक डोळ्याची रोपे करून पाच फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवले, तर एकराला सुमारे 4,360 रोपे बसतात. मर धरून 5,000 डोळे घ्या. एका उसाचे 15 चांगले डोळे धरले तरी साडेतीनशेच्या आत ऊस पुरतात, म्हणजे वजनाने अर्धा टनसुद्धा होत नाही. उरलेला दोन टन ऊस जमिनीत पुरण्याऐवजी गाळपाला येऊ शकतो.

पण माझ्या दृष्टीने बेण्यापेक्षा पाण्याचा हिशेब मोठा आहे. एका एकरात दोन इंच पाणी दिले तर ते सुमारे दोन लाख लिटर होते. उगवणीच्या पहिल्या महिन्यात अशा दोनच पाळ्या धरल्या तरी चार लाख लिटर झाले, आणि रानात तर अजून हिरवे काही दिसतसुद्धा नाही! तीच 5,000 रोपे रोपघरात असतील तर झारीने दररोज दीड टिपाड पाणी पुरे होते. महिन्याचे नऊ-दहा हजार लिटर. रोपघराने उसाचे वर्षभराचे पाणी वाचते असे मी म्हणणार नाही, तशी फसवी आशा दाखवणे बरे नव्हे. परंतु पहिल्या महिन्या-सव्वा महिन्याचे वाचते ही गोष्ट खरी. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या उसाकडे सगळे बोट दाखवतात. त्या बोटाला नुसत्या भाषणाने उत्तर देता येत नाही. जिथे थेंब वाचतो तिथे तो वाचवून दाखवणे हेच उत्तर.

तिसरी गोष्ट थंडीची. आपली बहुतेक सुरू लागण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी या काळात होते. तापमान 20 अंशांच्या खाली गेले की उसाचा डोळा सुस्तावतो, आणि पौषातल्या आपल्या रात्री तर त्याहून पुष्कळ थंड असतात. गार मातीत टिपरी दीड दीड महिना पडून राहते, काही डोळे कुजतात, नांग्या पडतात. रोपघरात हीच उगवण उबेत होते. पूर्व हंगामी लागणीलाही फायदा आहेच. रानात सोयाबीन उभे असतानाच दारात रोपे वाढतात, आणि सोयाबीन निघून मशागत झाली की तयार रोप सरीत जाते.

आता बांधणी. 5,000 रोपांना 42 खळग्यांचे 120 ट्रे लागतात. एक ट्रे साधारण दोन चौरस फूट जागा घेतो. ये-जा करायला वाट धरून 20 फूट बाय 20 फूट घर पुरते. जागा पाण्याजवळ, उंचवट्याची आणि झाडाच्या सावलीबाहेरची असावी. दहा-दहा फुटांवर नऊ खांब रोवावेत. खांब दोन फूट जमिनीत आणि सात फूट वर, म्हणजे नऊ फुटी बांबू घ्यावा. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावावे, नाही तर वाळवी सोडत नाही. वरून आडवे बांबू तारेने आवळून बांधावेत. मधली रांग हातभर उंच ठेवली तर पाऊस साचून जाळीला झोळ येत नाही. छताला 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट. तीन मीटर पन्ह्याची जाळी मिळते, तिचे दोन-तीन पट्टे एकमेकांवर थोडे चढवून शिवले की छत झाकते. बाजूंना जाळी परवडली तर ठीक, नाही तर तुराट्यांच्या ताट्या किंवा जुनी लुगडी चालतात. पश्चिमेची बाजू मात्र भक्कम करावी, कारण वळवाचा वारा तिकडूनच घुसतो. रोख खर्च बांबू, जाळी, तार आणि ट्रे एवढ्याचाच. दर गावोगावी निराळे, म्हणून मी आकडा न देता माप दिले आहे. गंगाखेडच्या बाजारात दोन दुकाने विचारून हिशेब आपला आपण करावा.

एक गोष्ट ठासून सांगतो. 75 टक्क्यांची दाट जाळी घेऊ नका आणि नुसता प्लास्टिक कागद छताला घालू नका. ऊस उन्हाचे पीक आहे. दाट सावलीत रोप लांबोडके, पोचट होते आणि रानात गेल्यावर मान टाकते. आणि आपल्या उन्हात बंद कागदाखाली रोपे अक्षरशः शिजतात. कागद वापरायचा तो फक्त थंडीत आणि फक्त रात्री. ट्रेच्या रांगेवर बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवाव्यात, संध्याकाळी त्यावर पांढरा कागद ओढावा आणि सकाळी ऊन चढले की काढावा. दिवसभराची ऊब रात्री धरून ठेवली जाते.

घर कितीही चांगले बांधले तरी आत रोगट बेणे घातले तर सगळे व्यर्थ. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणे मळ्यातले घ्यावे. काणी किंवा गवताळ वाढ दिसलेल्या प्लॉटमधला एक ऊससुद्धा घेऊ नये. डोळ्याच्या दोन्ही बाजूंना थोडी कांडी ठेवून दीड इंचाचे तुकडे करावेत. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन दहा मिनिटे बुडवावेत, आणि तुकडे सुकल्यावर ॲसिटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास ठेवावेत. ट्रेमध्ये कोकोपीट, किंवा पूर्ण कुजलेली व चाळलेली मळी आणि गांडूळ खत भरावे. कच्चे शेणखत नको, त्यातून हुमणी येते. डोळा वर ठेवून तुकडे लावले की ट्रे एकावर एक रचून चार-पाच दिवस कागदाने गच्च झाकावेत. पांढऱ्या मुळ्या फुटल्या की ट्रे जाळीखाली पसरावेत. उबेच्या दिवसांत महिन्याभरात आणि थंडीत चाळीस-पंचेचाळीस दिवसांत चार ते सहा पानांचे रोप तयार होते. शेवटचा आठवडा जाळी गुंडाळून ठेवावी, पाणी थोडे कमी करावे आणि रोपाला उन्हाची सवय लावावी. लावताना सरी ओली हवी. शे-दोनशे रोपे नांग्यांसाठी मागे ठेवावीत.

यावर काही सभासद म्हणतील, "रोपवाटिकेतून तयार रोपं गाडीत भरून येतात, मग हा खटाटोप कशाला?" येतात, हे खरे. पण त्या रोपाचे बेणे कोणत्या रानातले, को 86032 म्हणून दिलेल्यात दुसरी जात किती मिसळली, काणीचा प्लॉट होता की नव्हता, हे सांगणारे कोणी नसते. उसाचे बियाणे एका वर्षाचे नसते. लागण, खोडवा, पुन्हा खोडवा, अशी तीन वर्षे आपण त्यात अडकतो. रोप आपल्या हातचे असले की जबाबदारीही आपली आणि खात्रीही आपली.

दुसरी शंका, हे करणार कोण? माझ्या पाहण्यात हे काम घरातल्या बायामाणसांना पुरुषांपेक्षा नेटके जमते. परंतु मग रोपांच्या पैशाचा हिशेबही त्यांच्याच हाती असावा. काम बाईचे आणि पावती मालकाची, हे बरोबर नाही. दोन-चार घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक रोपघर केले तरी हरकत नाही. उसाची रोपे निघाल्यावर मिरची, वांग्याची रोपे करावीत. मात्र त्यांच्यासाठी पांढरी माशी अडवणारी बारीक छिद्रांची जाळी लागेल, शेडनेट तिला अडवत नाही.

मोठ्या पॉलिहाऊसला माझा विरोध नाही. ज्याच्याकडे बाराही महिने पाणी आहे, बाजार जवळ आहे आणि अंगात धमक आहे, त्याने जरूर करावे. पण अनुदान मिळते एवढ्याच कारणाने कर्ज काढून सांगाडा उभारू नये. अनुदान एकदाच मिळते, हप्ता दर वर्षी येतो.

शेवटी संचालक मंडळालाही एक विनंती. सभासदाला सगळ्यात जड जातो तो ट्रेचा एकरकमी खर्च. नीट वापरले तर ट्रे पुढच्या लागणींनाही चालतात. कारखान्याने गट कार्यालयात ट्रे ठेवून ते उसनवार द्यावेत आणि खराब झाल्यास तेवढीच रक्कम ऊसबिलातून कापावी. बेणे मळ्यातले डोळेही आधी स्वतः रोपे करणाऱ्या सभासदाला मिळावेत. कारखाना आपल्या सगळ्यांचा आहे. त्याची ताकद चिमणीच्या उंचीवर नसते, शिवारातल्या उसाच्या जोमावर असते.

सुरू लागणीला हात घालण्याआधी नऊ बांबू रोवून पाहा. पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांपुरती रोपे करा, शेजारच्या सरीत जुन्या पद्धतीने टिपरी लावा, आणि मार्चअखेर दोन्ही सऱ्यांतले फुटवे स्वतः मोजा. फुटवे काय सांगतात ते पाहून पुढच्या वर्षीचा निर्णय घ्या.

— ऊस विकास अधिकारी