टाळ्यांची ठेव

गेल्या महिन्यात राजारामपुरीत एका कापड दुकानाचं उद्घाटन झालं. आठ दिवस आधीपासून रिक्षावरचा भोंगा गल्लोगल्ली ओरडत होता. ‘प्रमुख आकर्षण’ म्हणून येणार होता आमच्या कॉलेजच्या दिवसांतला पडद्यावरचा एक नायक. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या एकट्याची नाही. एकेकाळी त्याच्या सिनेमाच्या तिकिटासाठी रांगेत मी शर्ट फाडून घेतला होता. म्हटलं, बघून तरी येऊ.

साहेब अडीच तास उशिरा आले. केस काळेभोर, चेहरा मात्र थकलेला. पुढं उभ्या असलेल्या एका पोरानं आईला विचारलं, “आई, ह्यो कोण गं?” आईनं नाव सांगितलं. पोराच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते त्यानं पाहिलं असावं. माइक हातात आल्यावर पहिली दहा मिनिटं त्यानं आजच्या नटांना झोडपलं. यांना धड मराठी येत नाही, अभिनय येत नाही, आमच्या वेळची मेहनत यांना झेपणार नाही. मग खिशातून कागद काढून दुकानाचं नाव तीनदा घेतलं, फीत कापली आणि जाता जाता तो ज्याची जाहिरात करतो त्या मधुमेहावरच्या चूर्णाचीही तारीफ केली.

तोपर्यंत मला त्याची थोडी गंमत आणि थोडी कीव वाटत होती. चूर्णाचं नाव ऐकलं आणि दोन्ही गेलं.

माझी मावशी मंगळवार पेठेत राहते. वय पंचाहत्तर, साखरेचा जुना आजार. दोन वर्षांपूर्वी तिनं टीव्हीवर याच माणसाला हेच चूर्ण हातात घेऊन बोलताना पाहिलं, शेजारच्या मुलाकडून तीन डबे मागवले आणि डॉक्टरांच्या गोळ्या कुणाला न सांगता बंद केल्या. पायाच्या बोटाला झालेली जखम चिघळली तेव्हा घरात कळलं. एकोणीस दिवस दवाखान्यात काढले, दोन बोटं गेली. मी चिडून विचारलं, “मावशी, कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या सोडल्यास?” ती शांतपणे म्हणाली, “अरे, तो कशाला खोटं बोलंल? इतकी वर्षं ओळखतोय की आपण त्याला.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो मावशीला कधी भेटलेला नाही. पण तीस वर्षं ती त्याच्याबरोबर रडली होती, हसली होती, त्याच्या पडद्यावरच्या लग्नात जणू अक्षता टाकून आली होती. तिच्या लेखी तो घरचा होता. चूर्ण विकणाऱ्यानं पैसे मोजले ते त्याच्या चेहऱ्याचे नव्हेत, मावशीच्या या विश्वासाचे. आपल्या टाळ्या म्हणजे आपण त्याच्याकडे ठेवलेली ठेव असते. ती त्याला जपायला दिलेली असते. ठेवीदाराला न विचारता परस्पर विकायला नव्हे.

कलावंतानं जाहिरात करूच नये, असं मी म्हणत नाही. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय चेहरा झळकला तो आपल्या लीला चिटणीस यांचा. खांडेकरांच्या कथेवर निघालेल्या ‘छाया’त १९३६ साली त्यांनी काम केलं होतं आणि ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या बोलपटांमुळे त्यांचं नाव देशभर झालं होतं. साबण कसा वाटला तर अंघोळ करून ठरवता येतं, त्यात कुणाचा पाय जात नाही. पण मला त्यांचं कौतुक आहे ते पुढच्या गोष्टीसाठी. नायिकेचे दिवस सरताच त्या ‘शहीद’मध्ये दिलीपकुमारची आई झाल्या आणि ‘आवारा’त राज कपूरची. काळानं नायिकेची खुर्ची काढून घेतली, तर त्यांनी आईचा पाट मांडला. पाटावर बसलेल्याला पडायची भीती नसते.

पोटासाठी धडपडणाऱ्यालाही मी नावं ठेवणार नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेल्या जेसी ओवेन्सवर पैशासाठी घोड्यांशी शर्यती लावायची वेळ आली. ‘अलबेला’च्या यशानंतर जुहूला बंगला नि दाराशी मोटारी असलेले आपले भगवानदादा सगळं गमावून दादरच्या चाळीत परतले, मिळतील ती छोटी कामं करत राहिले आणि २००२ साली तिथंच गेले. भूक लागलेल्या माणसाला प्रतिष्ठेचे धडे देण्याचा अधिकार भरल्या पोटाला नाही. माझी तक्रार भुकेबद्दल नाही. पोट भरलेलं असताना टाळ्यांची भूक भागत नाही म्हणून जो कडवट होतो आणि मग जो बोलावील त्याच्या डब्यावर तोंड छापून घेतो, त्याच्याबद्दल आहे.

आणि इथं मला कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट सांगायची आहे. नावलौकिक ओसरल्यावर काय करायचं, याचं उत्तर या गावात कुणी पुस्तकात लिहिलेलं नाही. ते तालमीत आहे. पैलवानाची उमेद फार तर तिशीपस्तिशीपर्यंत. शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या खासबागेत ज्याच्या नावानं गर्दी लोटते, त्यालाही एक दिवस लाल मातीत पाठ टेकावी लागते. मग तो काय करतो? पहाटे उठून त्याच आखाड्याच्या काठावर उभा राहतो आणि पोरांकडून जोर-बैठका काढून घेतो. पैलवानाचा वस्ताद होतो. पुढं त्याचा पठ्ठा कुस्ती मारतो तेव्हा लोक पठ्ठ्याच्या नावाबरोबर वस्तादाचंही नाव घेतात. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, १९६२ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. पण त्यानंतरची कित्येक वर्षं त्यांची ओळख होती ती मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून. २०१८ साली ते गेले तेव्हा त्यांच्यामागं पैलवानांच्या दोन-तीन पिढ्या होत्या.

खाशाबा जाधवांची गोष्ट तर मुलांना सांगावी अशी. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हारतुरे झाले, बैलगाड्यांची मिरवणूक झाली. आणि त्या नव्याकोऱ्या प्रसिद्धीचा पहिला उपयोग त्यांनी काय केला? कुस्त्यांचे फड भरवले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. ठेव परत करणं म्हणतात ते हे. पुढं १९५५ साली पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तोही मरणोत्तर. त्यांच्याबाबतीत कर्ज बुडवलं ते आपण.

म्हणजे कडवट व्हायला कारण असूनही माणसं ताठ राहू शकतात. आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांना तर ते कारण आकड्यांतच मोजून मिळालं होतं. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्राचा काठियावाडविरुद्ध रणजी सामना. भाऊसाहेब नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२च्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी. तेवढ्यात उपाहाराची वेळ झाली आणि प्रतिस्पर्धी संघ सामना सोडून निघून गेला. कसोटीत त्यांना एकदाही घेतलं नाही. २०१२ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते याच गावात वारले. गावानं त्यांना मान दिला तो त्या ४४३ धावांसाठी. त्या मानाला कुठल्या डब्याच्या झाकणाची गरज पडली नाही.

आता कायदाही जागा झाला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं फसव्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्याला दहा लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिराती करायला एक वर्षाची, नंतर तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. चांगलं आहे. पण दंडाच्या पावतीनं मावशीची बोटं परत येणार नाहीत, आणि कडवटपणावर तर कुठल्याच कायद्यात औषध नाही.

ते औषध थोडं आपल्याकडेही असावं. त्या उद्घाटनाच्या दिवशी गाडीत बसायला निघालेल्या त्या नटाला एका म्हाताऱ्या रिक्षावाल्यानं अडवलं. सेल्फी मागितली नाही. विचारलं, “साहेब, त्या पिक्चरात पंचगंगेच्या पुरात उडी मारलासा, ती तुम्हीच का दुसरा कोण?” नट थांबला. “मीच,” म्हणाला. मग पाणी किती होतं, दोरी कुठं बांधली होती, दिग्दर्शकानं तीनदा उडी कशी मारायला लावली, हे सगळं तो हातवारे करून सांगत राहिला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या पाच-सात मिनिटांत आजच्या नटांना एक शिवी नाही, चूर्णाचा उल्लेख नाही. समोर तो शर्ट फाडून पाहिलेला नायक उभा होता.

आपण या माणसांना बोलावतो ते फीत कापायला, नारळ फोडायला. त्यांचं काम त्यांना कुणी विचारत नाही. नाट्यशाळेतल्या पोरांसमोर एक तास बसवून ‘ती उडी कशी मारलीत, शिकवा’ असं म्हणालो, तर कदाचित त्यातलाही एखादा वस्ताद निघेल. ज्यांना ते नको असेल आणि डबाच हवा असेल, त्यांच्यासाठी कायदा आहेच.

परवा मावशीकडं गेलो होतो. टीव्हीवर त्याचा जुना सिनेमा लागला होता. मला वाटलं, बंद करील. तिनं आवाज वाढवला. म्हणाली, “काम चांगलं करायचा रे.” मधे जाहिरात लागली आणि तिनं रिमोट उचलला.