नुसत्या ‘आय फाइव्ह’वर जाऊ नका

‘कॉम्प्युटर घ्यायचाय, बजेट पंधरा-सोळा हजार, गेम खेळायचे नाहीत, काय घेऊ?’ या सदराच्या वाचकांकडून हा प्रश्न सतत येतो. विचारणारा कोणी टॅलीवर हिशोब लिहिणारा असतो, कोणी घरी टायपिंगची कामं घेणारी असते, कोणाच्या मुलीने नुकताच बीसीएला प्रवेश घेतलेला असतो. सगळ्यांना माझं सांगणं एकच: मोठ्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेला, ब्रँडेड, रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या. फक्त इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या खाली उतरू नका.

आठवीच का, याला ठोस कारण आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे, टीपीएम २.० असलेल्या मशीनवर. सहाव्या-सातव्या जनरेशनवर जुगाड करून अकरा बसवून देणारे दुकानदार भेटतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावरून बँकेचे व्यवहार करायचे, तो कॉम्प्युटर अशा भरवशावर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर घडली. सातव्या जनरेशनच्या आय५-७५००ला चार कोअर होते, आठव्याच्या आय५-८५००ला सहा झाले. आय३-८१००लाही चार मिळाले, म्हणजे आठवीचा आय थ्री सातवीच्या आय फाइव्हच्या पंक्तीला येऊन बसला. जुनी गाडी घेताना मॉडेल कोणत्या वर्षाचं हे आपण आधी विचारतो. इथे मात्र ‘आय फाइव्ह आहे’ म्हटलं की लोक पैसे काढतात. आकडा पूर्ण विचारा. पुढचे अंक चार असतील तर पहिला अंक जनरेशन सांगतो, पाच असतील तर पहिले दोन: ८५०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी.

हा आकडा लपवण्यावरच एक मोठा धंदा चालतो आणि त्याची मला मनापासून चीड आहे. ‘आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वर्षाची वॉरंटी’ अशी जाहिरात असते, चकचकीत काचेचा, रंगीत दिव्यांचा नवा कॅबिनेट असतो. आत मदरबोर्ड निघतो एच६१. हा चिपसेट २०११चा. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनपलीकडचा प्रोसेसर बसतच नाही. कॅबिनेट नवा, प्रोसेसर दशकाहून जुना, आणि तो गळ्यात पडतो बहुधा पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणाऱ्या घराच्या.

त्यापेक्षा ऑफिसचा काळा, कंटाळवाणा दिसणारा डबा घ्या. कंपन्या तीन ते पाच वर्षांनी लॉटच्या लॉट बदलतात. ही मशीन एसीत चाललेली, एकसारख्या पार्टची, दुरुस्तीला सोपी. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०. एचपी एलिटडेस्क ८०० जी४. लेनोवो थिंकसेंटर एम७२०, एम९२०. ही नावं लिहूनच लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या दुकानात जा. ३०५०, जी३, एम७१० हे त्यांचेच सातव्या जनरेशनपर्यंतचे भाऊ. बाहेरून फरक चटकन कळत नाही.

दुकानात मशीन चालू करायला लावा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का, ते बघा. बायोस उघडून बघा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड निघाला तर ते मशीन तिथेच ठेवा. रॅम ८ जीबी चालेल, बीसीएच्या मुलीला १६ घ्या. विंडोज एसएसडीवरच हवं. जुन्या हार्डडिस्कवर आठवी जनरेशनसुद्धा रडते. मागची बाजू फिरवून बघा: बऱ्याच ऑफिस मशीनला एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतो, आणि वायफाय तर अनेकदा नसतंच. कन्व्हर्टर आणि डोंगल तिथेच, त्याच बिलात मागून घ्या.

जागा कमी असेल तर मॉनिटरच्या मागे बसणारा मायक्रो डेस्कटॉप उत्तम, वीजही कमी खातो. पुढे कार्ड किंवा मोठी डिस्क लावायची असेल तर स्मॉल फॉर्म फॅक्टर बघा.

बजेट सात-आठ हजारच असेल तर सहाव्या जनरेशनवर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, लिबरऑफिस, मराठी युनिकोड टायपिंग सगळं नीट चालतं. श्रीलिपी किंवा टॅलीवर पोट असेल त्यांनी मात्र हा मार्ग धरू नये, त्यांना विंडोजच लागणार.

ज्यांनी या आठवड्यात कुठे ॲडव्हान्स दिला असेल, त्यांनी बाकीची रक्कम देण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण आकडा, मशीनचा सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत पक्क्या बिलावर लिहून घ्यावी. दुकानदार लिहायला तयार नसेल तर ॲडव्हान्स परत मागावा.