कापसाचा दावा कुणापुढे मांडायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. तेव्हा गेवराई-माजलगावच्या रानात बोंडं फुटायची होती. सवलत आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी वेचणी. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने गिरण्या अडचणीत आल्या होत्या, हे खरं. पण लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये असताना व्यापारी त्याच्या किती खाली मागत होता, ते इथे कुणाला सांगायला नको. ऑस्ट्रेलियाचा ५१ हजार टन कापूस तर २०२२च्या करारानुसार दरवर्षी बिनशुल्क येऊ शकतोच.

आता ब्रिटन, युरोप, ज्याच्या त्याच्याशी वेगळे करार होताहेत. करावेत. पण शुल्क एका देशापुरतं कमी करता येतं, अनुदान नाही. अमेरिकेने आपल्या कापूसवाल्याला दिलेला डॉलर साऱ्या जगाचा भाव पाडतो, आमच्या कोरडवाहू पऱ्हाटीचाही. त्याला जाब विचारायची जागा एकच, जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना. तिथे ब्राझीलने २००५ मध्ये अमेरिकेला हरवलं आणि २०१४च्या तडजोडीत ३० कोटी डॉलर वसूल केले. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली २००३ पासून तीच तक्रार मांडताहेत. त्यांच्या पदरात फारसं पडलं नाही, हेही सांगायला हवं.

आणि तिथेच आपणही हरलोय. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, हे मर्यादेबाहेरचं अनुदान आहे, असा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये लागला. दावा ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमालाचा. आपण अपील केलं, पण ते ऐकायला कुणीच नाही. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. एफआरपी वाचली ती अशी. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन आमच्या जिल्ह्यातले ऊसतोडीचे कोयते ज्या फडांकडे निघतात, त्या उसाचा दावा असा लोंबकळत पडलाय. सोयीचं आहे, नाही कशाला म्हणा?

तरी ते मंडळ पुन्हा बसावं, असंच मी म्हणेन. दिल्लीही तीच मागणी करते. मंडळ बसलं तर आपला ऊसच आधी पुढे येईल, हे मात्र कारखानदारांना कुणी सांगत नाही. उसाला आधार द्यायची दुसरी रीत दिल्ली-मुंबईत बसून काढता येईल. अमेरिकेचं कापसाचं अनुदान मात्र लंडनशी किंवा कॅनबेराशी करार करून एका डॉलरनेही उतरणार नाही.