लेकींच्या वाट्याला उरलीसुरली शाळा

इंदूरच्या मराठी माणसाला नावांची वाण नाही. विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे. विद्यापीठ १९६४ साली निघाले ते इंदूर विद्यापीठ म्हणून. १९८८ पासून त्यालाही देवी अहिल्येचे नाव लाभले. मोती तबेल्यातल्या मुलींच्या सरकारी महाविद्यालयाला माता जिजाबाईंचे नाव आहे. पुण्यतिथीला राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला हार घालायला आपण सहकुटुंब जातो. पण मराठी मंडळींनी स्वतःच्या पैशाने चालवलेल्या मुलींच्या शाळेची आज समाजात काय किंमत आहे, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही. सणासुदीला कडू बोलू नये म्हणतात. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावायची रीतही आपलीच. तेव्हा स्पष्टच बोलतो. ती शाळा आपल्या उरल्यासुरल्या पैशावर आणि उरल्यासुरल्या आस्थेवर जगते आहे.

प्रवेशाच्या दिवसांत हे चित्र मी वर्षानुवर्षे पाहतो. एकाच घरातली दोन लेकरे दोन दिशांना जातात. मुलगा शहराबाहेरच्या इंग्रजी शाळेत. त्याची फी, त्याची बस, त्याची शिकवणी, प्रसंगी कर्ज काढूनही. मुलगी आमच्याकडे. ‘सर, मुलीला आपली जवळची शाळाच बरी. फी बेताची आहे, शिवाय मराठीचे संस्कारही होतील.’ वाक्य मोठे सात्त्विक वाटते. पण त्यात मुलगी, शाळा आणि भाषा या तिघींचा एकदम अपमान आहे. मराठी इतकी मोलाची असेल, तर मुलाला तिच्यावाचून का ठेवलेत? आणि मोलाची नसेल, तर तिचे ओझे मुलीच्याच डोक्यावर का?

बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूरकडच्या वाचकांना आमची आणखी एक अडचण सांगायला हवी. जिथे शेजारची भाषा कन्नड किंवा तेलुगू आहे, तिथे लिपीच वेगळी. भाषा निसटू लागली की निदान दिसते तरी. आमच्याकडे हिंदी-मराठीची लिपी एकच. मुलगी पाटी वाचते, म्हणून आपण समजतो तिला मराठी येते. मग एक दिवस ती आजीचे पत्र अडखळत वाचते आणि अर्थ हिंदीत विचारते. भाषा गेल्याचा इथे आवाजसुद्धा होत नाही.

‘पण सर, इंग्रजीवाचून पोट कसे भरणार?’ हा प्रश्न ठरलेला. इंग्रजी हवीच, तिच्याशी माझे भांडण नाही. पुण्यात पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले, ते हुजूरपागा. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांनी तिथल्या मुलींना इंग्रजी शिकवायचे ठरवले, तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने त्या अभ्यासक्रमावर टीका केली. ती सोसूनही शाळा उभी राहिली. आजही उभी आहे. पुढे १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. तिथे उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले आणि इंग्रजीलाही जागा ठेवली. म्हणजे मराठी मुलींच्या शाळेत इंग्रजी उत्तम शिकवता येते, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. आमच्या शाळेत ती उत्तम शिकवली जात नसेल, तर कारण मराठी नव्हे. चांगल्या शिक्षिकेला पुरेसा पगार द्यायची आपली तयारी नाही, हे कारण आहे.

त्याच कर्व्यांच्या विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी या गुजराती उद्योगपतींनी पंधरा लाख रुपये दिले आणि आईचे नाव दिले. परभाषक माणसाने आईच्या नावाने पंधरा लाख द्यावेत, आणि आपण लेकीच्या नावाने महिन्याच्या फीची घासाघीस करावी!

कायद्याचे बळ नाही, अशीही सबब नको. भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हे ३५० अ कलम १९५६ साली आले. त्याच वर्षी इंदूर आजच्या मध्य प्रदेशात आले. अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरवायचे, असे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने टी.एम.ए. पै खटल्यात सांगितले. म्हणजे मध्य प्रदेशात तो हक्क आपला आहेच. पण २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना गरीब मुलांसाठीच्या राखीव जागांतून सूट मिळाली, तेव्हापासून काही मंडळींना त्या दाखल्याची आठवण नेमकी त्या सुटीपुरतीच होते. मराठीचा तास वाढवायला दाखला नको, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मुलीला दार बंद करायला मात्र हवा! अशी शाळा समाजाची नव्हे, चार घरांची.

मल्हाररावांनी विधवा सुनेला काय शिकवले ते आठवा. हिशेब, पत्रव्यवहार, फौजफाटा, तोफखान्याची व्यवस्था. मुलाला जे दिले असते ते सगळे. म्हणून त्यांच्यामागे ती माउली जवळजवळ तीस वर्षे राज्य चालवू शकली. पुतळे आपण तिचे उभारतो, पण मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना तिच्या सासऱ्याइतकेही मन मोठे करत नाही.

तेव्हा विश्वस्तांना माझे सांगणे आहे: स्वतःच्या नाती आधी या शाळेत घाला, मग व्यासपीठावरून मराठीवर बोला. पालकांना सांगणे आहे: मुलाच्या शाळेकडून जे मागता ते सगळे मुलीच्या शाळेकडून मागा, प्रयोगशाळा मागा, इंग्रजी मागा, मराठीला पूर्णवेळ शिक्षिका मागा, आणि त्याचे मोलही मोजा. आणि मुलालाही घरी मराठी वाचायला बसवा. आईची भाषा राखणे हे एकट्या बहिणीचे काम नाही.